साहेबांना नाही कसं म्हणू?

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका खासगी बँकेच्या शाखेत चार वर्षांपासून अधिकारी आहे. ज्या साहेबांच्या हाताखाली काम शिकले त्यांची या क्षेत्रात सव्वीस वर्षं झाली. प्रेमळ माणूस, सणावारीही रजा घेत नाहीत, ग्राहक त्यांचं नाव विचारत शाखेत येतात. आमच्याकडे माणसं कमी आहेत. महिनाअखेरीला गर्दी वाढली की ते माझा पासवर्ड मागून घेतात. एंट्री त्यांच्या आयडीने होते, ती पास, म्हणजे मंजूर, माझ्या आयडीने. दोन महिन्यांपूर्वी ७८ वर्षांच्या एका आजींची एफडी त्यांनी मुलाच्या फोनवरून मोडली आणि रक्कम मुलाच्या खात्यावर पाठवली. फॉर्मवर आजींची सही तीन दिवसांनी आली. नव्या चालू खात्यांचे जागा पाहून आल्याचे रिपोर्टही आम्ही बऱ्याचदा टेबलावरच भरतो, त्यावर माझी सही असते. आजवर एका पैशाचा घोटाळा झालेला नाही. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा पासवर्ड द्यायला नकार दिला. तेव्हापासून साहेब कामापुरतंच बोलतात. सहकारी म्हणतात, "फार नियम दाखवायला लागली." नवरा म्हणतो, प्रमोशन तोंडावर आलंय, गप्प बस. नियमापेक्षा माणूस मोठा नसतो का? ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच अविश्वास दाखवून मी चूक केली का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना साहेबांचा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला. मी स्वतः बत्तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वर्षं शाखा तपासणीत. तुमच्या साहेबांसारखी माणसं मी जवळून पाहिली आहेत. काउंटरपुढची रांग बघून त्यांचा जीव वरखाली होतो. सात जणांचं काम चौघांनी करायचं, वरून विम्याच्या पॉलिसींचं टार्गेट, त्यात दर दहा मिनिटांनी विभागीय कार्यालयाचा फोन. अशा वेळी माणूस आडवाटा शोधतो, आणि बहुतेकदा चांगल्या हेतूने शोधतो.

पासवर्ड नाकारलात हे बरोबर केलंत. तो नकार मागे घेऊ नका. पण त्याला तुम्ही 'अविश्वास' म्हणता, तिथे मी थोडी अडते.

माझी एक गोष्ट सांगते. १९९३-९४ च्या सुमाराची. मी नव्याने अधिकारी झाले होते. तिजोरीच्या दोन चाव्या असत, एक हेड कॅशियरकडे आणि एक माझ्याकडे. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजायची आणि पुस्तकावर सह्या करायच्या अशी पद्धत. आमचे कॅशियर निवृत्तीला आलेले, मी त्यांना काका म्हणायचे. "तुमची बस चुकेल, करा सही," असं ते मायेने म्हणायचे. मी पाकिटांच्या थप्प्यांवरून नजर फिरवायचे आणि सही करायचे. एके सकाळी शंभराच्या नोटांचं एक पाकीट कमी भरलं. दहा हजार रुपये. माझा दोन महिन्यांहून जास्त पगार होता तो.

ते पाकीट कधी गेलं हे कुणालाच सांगता येईना, कारण शेवटची खरी मोजणी कधी झाली तेच कुणाला माहीत नव्हतं. काकांनी ते घेतलं नव्हतं असं मला आजही मनापासून वाटतं. पण चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला : "आदल्या संध्याकाळी पाकिटं तुम्ही स्वतः मोजली होती का?" मी खरं सांगितलं, नाही. काकांच्या बाजूने उभा राहू शकेल असा एकच साक्षीदार होता, आणि तो त्या 'नाही'बरोबर संपला. त्यांनी पैसे खिशातून भरले. पुढे त्यांच्या निरोप समारंभाला निम्मी शाखा आलीच नाही.

मी रोज नीट मोजलं असतं तर काकांच्या सचोटीचा पुरावा रोज कागदावर उतरला असता. भिडेपोटी मी तो होऊ दिला नाही. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या भिडेची किंमत मी नाही, काकांनी मोजली, याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेची बातमी आली तेव्हा मला तीच संध्याकाळ आठवली. कागदावर सगळं जुळत होतं. रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तिजोऱ्यांतली रोकड प्रत्यक्ष मोजली आणि १२२ कोटी रुपये कमी निघाले. मोजल्याच्या सह्या असणं आणि मोजलेलं असणं यांत केवढं अंतर पडू शकतं, ते तिथे दिसलं.

आता तुमच्या पासवर्डकडे येऊ. एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने पास करायची, ही बँकेच्या कामाची सगळ्यात जुनी रीत आहे. लेजरच्या काळातही होती. साहेब दोन्ही आयडी एकटे वापरतात तेव्हा सिस्टिमला दोन माणसं दिसतात, प्रत्यक्षात असतो एकच. उद्या एखादा आकडा चुकला, एक शून्य जास्त पडलं, पैसे भलत्याच खात्यात गेले, तर लॉगमध्ये तुमचं नाव, तुमची वेळ, तुमचा आयडी. "तेव्हा मी जेवायला गेले होते, पासवर्ड साहेबांकडे होता" असं तुम्ही सांगाल. चौकशी अधिकारी ते शांतपणे लिहून घेईल आणि चार्जशीटमध्ये आणखी एक आरोप वाढेल, पासवर्ड दुसऱ्याला दिल्याचा. तपासणीत असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते वाचताना समोरचे चेहरेही आठवतात. बहुतेक जण निर्दोष होते. त्यांच्याकडे ते दाखवायला काही नव्हतं.

तुम्ही लिहिता, आजवर एका पैशाचा घोटाळा झालेला नाही. हे तुम्हाला कशावरून कळलं? घोटाळा झाला असता तर तो दिसण्याची पहिली जागा तुम्ही होतात, आणि महिनाअखेरीच्या त्या तासांमध्ये त्या जागेवर कुणीच नव्हतं. तुमच्या साहेबांवर मी बोट ठेवत नाही. 'काही झालेलं नाही' आणि 'काही दिसलेलं नाही' यांतला फरक दाखवते आहे.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण तुम्ही प्रशिक्षणात ऐकलंच असेल. परदेशातल्या बँकांनी ज्या हमीपत्रांवर कर्ज दिलं, ती हमीपत्रं स्विफ्टवरून, म्हणजे बँकांनी एकमेकींना संदेश पाठवायच्या यंत्रणेवरून, थेट पाठवली जात होती आणि बँकेच्या मुख्य सिस्टिममध्ये त्यांची एंट्रीच होत नव्हती. तेव्हा त्या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एक अधिकारी वर्षानुवर्षं त्याच टेबलावर होता. हे उघड कसं झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, ज्या कंपन्यांसाठी ती हमीपत्रं दिली जात होती, त्यांचीच माणसं नवीन हमीपत्रं मागायला आली. नव्या माणसाने नेहमीच्या नियमाप्रमाणे शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकी पूर्ण रक्कम आधी बँकेत ठेवायला, मागितलं. ते म्हणाले, आम्हाला आजवर कधी लागलं नाही. मग जुनी नोंद शोधायला घेतली, तर नोंदच सापडेना. घोटाळ्याचा पहिला आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता, पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशी हमीपत्रं देणंच बंद करायला लावलं. सगळं बाहेर आलं ते कुणी हेरगिरी केली म्हणून नाही, एका माणसाने रोजचा साधा प्रश्न विचारला म्हणून.

म्हणूनच साहेब सणावारीही रजा घेत नाहीत, हे तुम्ही कौतुकाने लिहिलेलं वाक्य मला टोचलं. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न सांगता रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. त्या दहा दिवसांत दुसरा माणूस त्या टेबलावर बसतो आणि काम त्याच्या हातून जातं. गुन्हा सापडतो तो क्वचित. जास्त वेळा सापडतात राहून गेलेल्या सह्या, अर्धवट फाइली, सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, पडून राहिलेल्या एंट्र्या. आणि त्या दहा दिवसांत तो थकलेला माणूस घरी झोपतो, तेही लहान नाही.

आता आजी. तुमच्या प्रश्नातलं 'नियमापेक्षा माणूस मोठा' हे वाक्य त्यांच्यामुळेच आलं असणार. मीही या प्रसंगावर बराच वेळ विचार केला.

साहेबांनी कुणाला मदत केली? मुलाला. फोन त्याचा होता आणि पैसे त्याला मिळाले. ठेव मात्र आजींची होती, आणि त्या दिवशी त्या घरी होत्या. त्यांना विचारलं कुणी? मुलगा चांगला असेल, आजी "हो" म्हणाल्याही असत्या. पण धरा, त्यांची मुलगी परदेशात आहे. चार वर्षांनी आजी गेल्या. भाऊबहिणींत वाटणीवरून बोलाचाली झाली आणि वर्षश्राद्धाच्या आत बँकेला वकिलाची नोटीस आली : आमच्या आईची ठेव कुणाच्या सांगण्यावरून मोडली? फॉर्मवरची तारीख व्यवहारानंतर तीन दिवसांची. तारीख मागची टाकली असेल तर आणखी वाईट, कारण सिस्टिममधली वेळ बदलत नाही. तेव्हा साहेब निवृत्त झालेले असतील, आणि पास करणारा आयडी तुमचा असू शकतो.

अडलेल्याला मदत करावी असं वाटणं चांगलंच आहे. पण बँकेत अडलेला म्हणून आपल्याला बहुतेकदा समोरचाच दिसतो. सह्या, कागदपत्रं, दुसऱ्याची तपासणी, हे सगळं जो समोर उभा नाही त्याच्यासाठी ठेवलेलं असतं : घरी बसलेली आजी, दूरगावची मुलगी, तुमच्या जागेवर पुढे येणारा अधिकारी. काउंटरवर त्यांच्या वतीने बोलायला दुसरं कुणी नसतं.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना जाऊन ती बंद झाली. बुडीत कर्जांनी ती पोखरली होती. कर्ज मागणारा साहेबांच्या केबिनमध्ये समोर बसलेला असतो. ठेवीदार आपल्या घरी असतो, पासबुकावर विश्वास टाकून. त्या ठेवीदारांनी नऊ वर्षं वाट पाहिली. माझ्या ओळखीत असे दोन वृद्ध होते की ज्यांनी स्वतःच्याच पैशांसाठी अर्जामागून अर्ज केले.

आणि आजींसाठी रस्ता होता. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. कोथरूडमधल्या कोथरूडमध्ये स्कूटरवर जायला दहा मिनिटं लागली असती, संध्याकाळच्या कर्वे रस्त्यावर फार तर पंचवीस. घरी जायचं, आजींशी त्या एकट्या असताना दोन शब्द बोलायचं, "पैसे कशासाठी हवेत, आजी?" असं सहज विचारायचं, सही घ्यायची. हल्ली पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना घरातच व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास डांबून ठेवतात आणि ठेवी मोडायला लावतात. असे काही जण वाचले ते काउंटरवरच्या कुणीतरी घाई न करता हाच प्रश्न विचारल्यामुळे. माणुसकी ती हीच.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जागा पाहिल्याचे रिपोर्ट टेबलावर भरतो, त्यावर माझी सही असते. पासवर्डचं प्रकरण तुम्हाला त्रास देतं आहे, कारण त्यात नातं गुंतलं आहे. हे तुम्हाला तितकं खुपत नाही, कारण यात कुणी रुसलेलं नाही. पण आज ऑनलाइन फसवणुकीचे पैसे नेमक्या अशाच चालू खात्यांतून फिरतात. पत्ता नऱ्ह्याचा किंवा वाघोलीचा, फलक ट्रेडर्सचा, आणि जागेवर बंद शटर. काही तासांत लाखो रुपये येतात आणि दहा खात्यांत वाटले जातात. ज्याचे गेले तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस खात्याच्या फाइलपर्यंत येतात, आणि त्यांना पहिल्या कागदांत दिसतो 'जागा प्रत्यक्ष पाहिली' हा रिपोर्ट. खाली तुमची सही. अशा प्रकरणांत बँकेच्या कर्मचाऱ्यांना अटक झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. न पाहिलेल्या जागेला पाहिलेली म्हणणं ही आडवाट नव्हे, ते लेखी खोटं आहे. कठोर वाटेल, पण तुमच्या भल्यासाठी मला हे असंच म्हणावं लागेल.

तेव्हा सुरुवात तिथून करा. ज्या खात्यांवर तुमची सही आहे त्यांची यादी बँकेतच, बँकेच्या सिस्टिमवर करा. मग शाखा व्यवस्थापकांना ऑफिसच्या मेलवर दोन ओळी लिहा : या खात्यांची प्रत्यक्ष पाहणी राहून गेली आहे, ती मी या आठवड्यात करू इच्छिते, परवानगी द्यावी. कुणावर आरोप नको, साहेबांचं नावही नको. मग खरोखर जाऊन या, आणि रिपोर्टवर आजचीच तारीख टाका, मागची कदापि नाही. एखाद्या जागी कंपनी सापडली नाही, किंवा खात्यातल्या उलाढाली त्या धंद्याशी जुळत नसल्या, तर ते लगेच लेखी वर कळवा आणि खातेदाराला मात्र त्याबद्दल अवाक्षर बोलू नका. संशयास्पद व्यवहार कळवल्याचं ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे. हे केल्याने तुम्हाला मेमो मिळू शकतो. मिळाला तर घ्या. स्वतःहून कबूल केलेल्या चुकीचा मेमो आणि पोलिसांनी शोधून काढलेली सही यांत फार अंतर आहे.

पासवर्ड आजच बदला. साहेबांशी बोलायचं तर गर्दीच्या वेळी नको, सगळे गेल्यावर बोला. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही म्हटलं नाही," असं सांगा, "पण सर, उद्या कुणी विचारलं तर तुमच्या बाजूने साक्ष द्यायला मी खरोखर तिथे असायला हवी." आणि नुसतं नाही म्हणू नका, हातही पुढे करा. महिनाअखेरीचे तीन दिवस जेवणाची वेळ मागेपुढे करायची तयारी दाखवा. डब्यावरून उठून पाच मिनिटांत येते म्हणा. पास करायचा अधिकार त्या वेळेपुरता आणखी एका अधिकाऱ्याला मिळावा अशी मागणी दोघांच्या नावाने करा. माणसं कमी असतील तर ते वरच्यांना लेखी कळायलाच हवं. तुमच्या आयडीने चालवून घेतल्यामुळे आजवर ती उणीव वर दिसलीच नाही, हाही या आडवाटेचा तोटाच आहे.

स्वतःसाठी टिपणं ठेवा : तारीख, काय सांगितलं गेलं, तुम्ही काय उत्तर दिलं. पण ग्राहकांच्या कागदांचे फोटो मोबाइलवर काढू नका, काहीही स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. पुरावा गोळा करण्याच्या नादात चांगली माणसं गोपनीयतेच्या भंगात अडकलेली मी पाहिली आहेत.

शाखा व्यवस्थापकही "सोडून द्या" म्हणाले, तर तुमच्या बँकेचं व्हिसलब्लोअर धोरण, म्हणजे आतल्या गैरप्रकाराची तक्रार करणाऱ्यासाठीचे नियम, काढून वाचा. खासगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ ची योजनाही आहे. तीत तक्रार थेट रिझर्व्ह बँकेकडे करता येते आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवलं जातं. सरकारी बँकांतल्या वाचकांसाठी केंद्रीय दक्षता आयोग आहे. मात्र दोन्हीकडे निनावी पत्र चालत नाही, नाव द्यावं लागतं. ही पायरी पहिल्याच दिवशी चढायची नाही. आधी बोला, मग लिहा, मग वर जा. फक्त एखाद्याचे पैसे आत्ता, या क्षणी जाताना दिसत असतील तर वाट पाहू नका.

नवऱ्याचं बोलणं काळजीपोटी आहे, हे मला समजतं. त्यांना एवढंच विचारा : प्रमोशन झालं की माझी पास करायची मर्यादा वाढणार, तेव्हा याच सवयीने किती मोठ्या रकमा माझ्या नावावर पास होतील? सहकाऱ्यांचं बोलणं आणखी दोन-तीन आठवडे चालेल. त्यांतलंच कुणीतरी एक दिवस हळूच येऊन विचारेल, "तू साहेबांना नेमकं काय म्हणालीस गं?" तेव्हा त्यांना नीट सांगा.

हे वाचणाऱ्या ग्राहकांनाही एक विनंती. ओळखीच्या साहेबांकडे सही केलेले कोरे फॉर्म आणि चेक ठेवून जाणारी मंडळी आपल्या पेठांत अजून आहेत. उपनगरांतही आहेत. तुम्ही त्या माणसाला सोयीची वाट दाखवत नाही, अडचणीत टाकता. तुमचं काम एक फेरी वाढली म्हणून अडलं, तर त्या मुलीवर चिडू नका.

साहेबांशी बोलणं झालं की ते काय म्हणाले, ते मला कळवा. ते आधी चिडतील असं वाटतं. पण सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला चाव्या दोन का असतात ते माहीत असतं. बोलायला बसाल तेव्हा आजींच्या घरी एकदा सोबत चला, असंही त्यांना म्हणून बघा.